घाटाखालून घाटावर : बुलढाणा जिल्ह्यातील तीर्थवाटा

(जिल्ह्यातील पदयात्रा व डोंगरातील देवस्थाने या विषयावरील भाषणाचा मजकूर)



बुलढाणा जिल्ह्यातील माणसास त्याचे गाव विचारले, तर गावाच्या नावापाठोपाठ एक शब्द हटकून येतो : ‘घाटाखाली’ किंवा ‘घाटावर’. सोयरीक जुळविताना, बियाणे घेताना, निवडणुकीची गणिते मांडताना, सर्वत्र हा भेद मनात असतोच. त्याचे कारण भूगोलात आहे. अजिंठ्याची डोंगररांग या जिल्ह्याच्या मधून गेली असून तिने जिल्ह्याचे दोन मजले केले आहेत. खालच्या मजल्यावर पूर्णा नदीचे खोरे, तेथील काळी खोल जमीन व कापूस. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर ही गावे त्या मजल्यावरची. वरच्या मजल्यावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. जुन्या वऱ्हाडच्या कारभारात याच दोन भागांस पायनघाट व बालाघाट अशी नावे होती. पूर्णेचे खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंचीवर, तर बुलढाणा शहर सुमारे साडेसहाशे मीटरवर आहे. म्हणजे जिल्ह्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाणे याचा अर्थ घाट चढणे किंवा उतरणे.

हा घाट चढण्याउतरण्याचे काम शेकडो वर्षे कोणी केले? फौजांनी केले, लमाणांच्या तांड्यांनी केले, कापसाच्या गाड्यांनी केले. फौजा गेल्या, तांडे वस्तीला स्थिरावले, कापूस ट्रकमध्ये चढला. पायी चालणारा एकच प्रवासी आज उरला आहे आणि तो म्हणजे यात्रेकरू. जिल्ह्यातील जुन्या वाटांचा अखेरचा राखणदार तोच आहे, आणि त्याच्या पायाखालची वाट आता झपाट्याने बदलत आहे. प्रस्तुत भाषणाचा विषय ही वाट होय.

सर्वांच्या परिचयाची वाट प्रथम घेऊ या. शेगाव येथे 23 फेब्रुवारी 1878 रोजी श्रीगजानन महाराज प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले व 8 सप्टेंबर 1910 रोजी, ऋषिपंचमीस, त्यांनी समाधी घेतली. शेगाव हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील स्थानक. नागपूरपर्यंतचा हा लोहमार्ग 1867 मध्येच पुरा झाला होता. त्यामुळे शेगावची कीर्ती आगगाडीने दूरवर नेली हे खरे असले, तरी या क्षेत्राचे वळण मात्र पायी चालण्याचेच राहिले. संस्थानची पंढरपूरची पायी वारी 1968 पासून चालत आली आहे. 2020 व 2021 या साथीच्या दोन वर्षांत ती रस्त्यावर निघू शकली नाही. एरवी ज्येष्ठ महिन्यात पालखी शेगावाहून निघते आणि सुमारे 750 किलोमीटर चालून आषाढी एकादशीपूर्वी पंढरपुरास पोहोचते. या चालीस महिनाभराहून थोडे अधिक दिवस लागतात.

पालखीचा जाण्याचा मार्ग नकाशावर पाहिला, तर तो फार वाकडा वाटतो. शेगावाहून नागझरी, पारस, अकोला. तेथून पातूर, मेडशी, शिरपूर, रिसोड. मग मराठवाड्यात सेनगाव, औंढा नागनाथ, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, कळंब, धाराशिव, तुळजापूर. पुढे सोलापूर, मंगळवेढा आणि पंढरपूर. परंतु या वाकडेपणात एक विचार आहे. औंढा आणि परळी ही दोन ज्योतिर्लिंगे, अंबाजोगाईची योगेश्वरी, तुळजापूरची भवानी, शिरपूरचे जैन तीर्थ, गोरोबाकाकांच्या तेरजवळचा मुलूख आणि चोखोबांचे मंगळवेढे ही सर्व स्थळे एका सूत्रात ओवली जातात. पंढरपूर गाठणे हे त्या वाटेचे साध्य असले, तरी वाटेतील गावांना आपल्याकडेही देव चालत आला असे वाटावे, ही तिची खरी रचना आहे. सरळ रेषेत जाणाऱ्यास ती कळणे कठीण.

पालखीबरोबर शेगावाहून निघणारे वारकरी सुमारे सातशे असतात. पांढरा वेष, खांद्यावर पताका, टाळ, मृदंग आणि ओळींची शिस्त. दोन बाजूंस ओळी व मध्ये मोकळी जागा, ही रचना चालताना मोडत नाही. शेगाव संस्थानचे दीर्घकाळ व्यवस्थापन पाहणारे कै. शिवशंकरभाऊ पाटील (निधन : 4 ऑगस्ट 2021) यांच्या कारकिर्दीत स्वच्छता व शिस्त यांबाबत संस्थानचा जो लौकिक झाला, तो या पालखीच्या तळावरही दिसतो. गाव सोडताना तळाची जागा झाडून निघावयाचे, हा दंडक मोठ्या यात्रांना अजून पुरता साधलेला नाही, हेही येथेच नमूद करणे योग्य होईल.

जिल्ह्याच्या दृष्टीने मात्र परतीची वाट अधिक महत्त्वाची आहे. जाताना पालखी पूर्वेस अकोल्याकडे वळून जिल्ह्याबाहेर पडते. परतताना ती बार्शी, भूम, बीड, गेवराई, जालना असे करीत सिंदखेडराजास येते आणि तेथून जवळजवळ अर्धा जिल्हा चालून काढते. सिंदखेडराजा, बिबी, किनगाव जट्टू, लोणार, सुलतानपूर, मेहकर, जानेफळ, शिर्ला नेमाने, आवार, खामगाव आणि शेगाव असे हे टप्पे आहेत. घाटावरच्या सपाटीवरून लोणारच्या विवराच्या कडेने जाऊन अखेरीस डोंगर उतरून पूर्णेच्या खोऱ्यात येणारी ही वाट जिल्ह्याचे सारे अंतरंग दाखविते. निघताना शेते नांगरून तापत पडलेली असतात. परतताना कपाशी गुडघ्याएवढी झालेली असते आणि तूर व सोयाबीनने रान हिरवे असते. पाऊस न झालेल्या वर्षी हेच रान वाटसरूस काही वेगळे सांगते. शेतकरी वारकऱ्यास ते शब्दांत सांगावे लागत नाही.

सिंदखेडराजा हे लखुजीराजे जाधवांचे गाव व राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान. तेथील नीळकंठेश्वराचे जुने मंदिर व लखुजीराजांची भव्य समाधी पाहण्यास इतिहासाचे अभ्यासक येतात. 12 जानेवारीस तेथे जो जनसमुदाय लोटतो, तोही एका अर्थाने यात्रेकरूच असतो. मेहकर हे पैनगंगेच्या काठचे गाव. तेथील शार्ङ्गधर बालाजीची काळ्या पाषाणाची मूर्ती 1888 मध्ये जमिनीतून बाहेर आली. सुमारे अकरा फूट उंचीची ही मूर्ती तिच्या कोरीव कामासाठी नावाजली जाते. जानेफळ सोडल्यावर उताराची चाहूल लागते. खामगावचा कापूस व चांदीचा बाजार प्रसिद्ध असला, तरी पालखीच्या मुक्कामाच्या रात्री गावाचे रूप निराळेच असते. खामगावाहून शेगाव अवघे सोळा-सतरा किलोमीटर. या शेवटच्या टप्प्यात ओळीतील सातशे वारकऱ्यांच्या मागे हजारोंचा समुदाय चालू लागतो. त्यात दुकानदार असतात, शाळेची मुले असतात, दोन महिने घर सांभाळलेल्या वारकऱ्यांच्या कुटुंबांतील बायाही असतात.

आता त्याहून जुन्या वाटेकडे वळू. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर स्वामी तेराव्या शतकात वऱ्हाड-मराठवाड्यात पायी हिंडले. मेहकर व लोणार येथील त्यांच्या वास्तव्याच्या आठवणी लीळाचरित्रात आहेत; लोणार येथे देवगिरीचा यादव राजा कान्हरदेव त्यांच्या भेटीस आल्याची हकीकतही तेथेच येते. स्वामी जेथे बसले, जेवले, निजले, त्या जागांना अनुयायी ‘स्थान’ म्हणतात आणि तेथे ओटा बांधून वंदन करतात. या स्थानांची माहिती देणारा ‘स्थानपोथी’ हा गद्य ग्रंथ चौदाव्या शतकातील आहे. देऊळ गावाच्या कोणत्या दिशेस, दार कोणीकडे, नदी कोणत्या अंगाला, मठ कोठे, अशी काटेकोर नोंद त्यात गावोगावची मिळते. भाविकास स्थान चुकू नये, एवढाच त्याचा हेतू. मराठीतील हे यात्रेकरूचे पहिले मार्गदर्शक पुस्तक म्हटले, तर ती अतिशयोक्ती होणार नाही. सहाशे वर्षांनंतर इतिहाससंशोधकांना पडलेल्या देवळांचा माग काढताना त्याच पोथीचा आधार घ्यावा लागला. वाट टिकविण्याचा पहिला उपाय ती लिहून ठेवणे हा आहे, आणि तो मराठी माणसास फार पूर्वी ठाऊक होता. या गोष्टीचा पुढे उल्लेख येणारच आहे.

जिल्ह्याच्या सीमेस लागून, जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगरात ‘जाळीचा देव’ हे महानुभावांचे मोठे स्थान आहे. वाघिणीच्या बछड्यांना स्वामींनी खेळविल्याची कथा त्या रानातील जाळीशी निगडित आहे. पौर्णिमेस तेथे जाणाऱ्यांत बुलढाणा जिल्ह्यातील भाविक बहुसंख्येने असतात. कथेतील वाघ आज कोठे आहे, असा प्रश्न कोणी विचारील, तर त्याचेही उत्तर याच डोंगरात मिळते. टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला आणि गळ्यात रेडिओ पट्टा असलेला एक तरुण वाघ 2019 मध्ये निघाला, तेलंगणातून फिरून, शेते, नाले, रस्ते ओलांडीत तेराशे किलोमीटरांहून अधिक अंतर चालला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात खामगाव-बुलढाणा रस्त्यावरील ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. शेगावच्या पालखीपेक्षा त्याची चाल मोठी झाली! माणसांना त्याच्या येण्याचा पत्ता बहुतेक ठिकाणी लागलाही नाही. 1997 मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य अजिंठ्याच्या उतारावर आहे. घाटाची वाट माणसाची तशी श्वापदाचीही आहे, आणि ती तुटली तर दोघांचीही तुटते.

याच डोंगराच्या पश्चिम भागात गिरडा येथे झऱ्याकाठी स्वयंभू महादेव आहे, अमडापूरच्या टेकडीवर बल्लाळदेवी आहे आणि पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. सैलानीची यात्रा होळीस भरते. तेथे नारळांची होळी पेटते, पुढे संदल निघतो आणि हिंदू-मुसलमान दोघेही त्यात सारख्याच श्रद्धेने सामील होतात. मनाच्या आजाराने पीडित माणसांना नातेवाईक तेथे आणतात. ही प्रथा जुनी आहे. श्रद्धेस कोणी हात लावू नये; पण अशा रुग्णास वैद्यकीय उपचाराची वाट तेथेच, यात्रेच्या आवारातच, दाखविता आली पाहिजे. दमलेल्या कुटुंबाने एवढा डोंगर चढून आल्यावर त्यास पुन्हा शहराचा रस्ता दाखविणे पुरेसे होत नाही.

उत्तरेस सातपुडा आहे. जळगाव जामोद व संग्रामपूरकडील अनेक कुटुंबे वैदर्भीय परंपरेप्रमाणे पचमढीच्या महादेवास जातात. महाशिवरात्रीस खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या पायऱ्या चढावयाच्या, नागपंचमीच्या सुमारास पावसात नागद्वारची कठीण डोंगरवाट तुडवावयाची, हा नेम विदर्भातील खेड्यापाड्यांत पिढ्यान्पिढ्या चालला आहे. ती क्षेत्रे मध्य प्रदेशात असल्याने त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

लोणारपाशी मात्र थोडे अधिक थांबले पाहिजे, कारण तीर्थवाटेसंबंधीचे सर्व प्रश्न तेथे एकाच जागी भेटतात. लोणारचे विवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे आहे. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने ते तयार झाले, हे 1970 च्या दशकातील संशोधनाने निश्चित झाले. त्याच्या वयाचे अंदाज मात्र पन्नास हजार वर्षांपासून पावणेसहा लाख वर्षांपर्यंत पसरलेले आहेत. शास्त्रज्ञांच्या शेकडो वर्षे आधी लोकांनी त्यास आपला अर्थ दिला होता. लवणासुर दैत्य येथे बिळात लपला, विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याचा वध केला, आणि खाऱ्या पाण्याचे सरोवर राहिले, अशी ती कथा. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर चालुक्य-यादव काळातील शिल्पकलेचा उत्कृष्ट नमुना आहे. विवराच्या काठावर धारेचे गोड पाणी गोमुखातून अखंड पडते. तेथून खाली उतरावे तसतसे कुमारेश्वर व यज्ञेश्वर, पाण्याच्या कडेने वाघ महादेव, अंबरखाना, शंकर-गणेश, आणि कमळजा देवी. काठच्या देवळांची ही माळ म्हणजे जिल्ह्यातील खरी ‘डोंगरातील देवळे’ होत. फरक इतकाच की येथे देवळास जाताना डोंगर चढावयाचा नसून त्याच्या पोटात उतरावयाचे आहे.

कमळजेपाशी नवरात्रात यात्रा भरते. तिच्याजवळच्या विहिरीस लोक सासू-सुनेची विहीर म्हणतात. तिचे एका अंगाचे पाणी गोड व दुसऱ्या अंगाचे खारे असल्याचे सांगतात. कोणते पाणी कोणाचे, याबद्दल सासवांचे व सुनांचे एकमत नाही. सरोवराचे पाणी अतिशय क्षारयुक्त असून त्यात खास प्रकारचे सूक्ष्मजीवच जगतात. जून 2020 मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष तिकडे गेले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे तपासणीत आढळले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारचा समावेश रामसर पाणथळींच्या यादीत झाला. विवर 2000 पासून अभयारण्यही आहे. अलीकडे सरोवराची पातळी वाढून काठच्या काही देवळांपर्यंत पाणी आले आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही लोणारच्या जतनाबाबत वेळोवेळी लक्ष घातले आहे.

येथील अडचण कोणाच्या अनास्थेपेक्षा वाटणीची अधिक आहे. जुनी देवळे पुरातत्त्व खात्याकडे, झाडे व मोर वन विभागाकडे, वरचे गाव व त्याचे सांडपाणी नगरपरिषदेकडे, यात्रेकरू देवीकडे. देवळापासून देवळापर्यंत जाणारी पायवाट मात्र कोणाच्याच यादीत स्वतंत्रपणे नाही. तीर्थाचे पाणी म्हणून साबण लावून स्नान केले, निर्माल्य सोडले, तर त्या सूक्ष्मजीवांचे जग बिघडते. उलट, जतनासाठी सर्वच वाटा बंद केल्या तर देवळे विलायती बाभळीच्या जाळीत बुडतात आणि त्यांची विचारपूस करणारा माणूस नाहीसा होतो. वाटेला स्वतःचे मोल आहे, असे मानल्याखेरीज यातून मार्ग निघत नाही.

या मुद्द्यावर जपानमधील एक उदाहरण उपयुक्त ठरेल. त्या देशात क्योतोच्या दक्षिणेस की नावाचा डोंगराळ द्वीपकल्प आहे. कोयासान हे कुकाई या आचार्याने नवव्या शतकात स्थापिलेले बौद्ध मठांचे डोंगरगाव, योशिनो व ओमिने येथील तपस्व्यांची ठिकाणे आणि कुमानोची तीन मोठी देवस्थाने ही तेथे रानवाटांनी जोडलेली आहेत. युनेस्कोने 2004 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो या देवस्थानांबरोबर त्यांना जोडणाऱ्या वाटांनाही. तीनशे किलोमीटरांहून अधिक लांबीच्या वाटा, त्यांच्या दगडी फरश्या, कडेचे मैलाचे दगड, हे सारे वारसा म्हणून नोंदले गेले. त्याआधी 1993 मध्ये स्पेनमधील सांतियागोच्या यात्रामार्गास असा मान मिळाला होता. शिकोकू बेटावर 88 देवळांची, सुमारे बाराशे किलोमीटरांची प्रदक्षिणा आहे. पांढरा वेष, हातात काठी, आणि ‘दोघे मिळून चालतो’ अशी भावना. दुसरा म्हणजे अर्थात कुकाई. वाटेवरचे गावकरी यात्रेकरूस फळे, चहा, भोजन देतात आणि त्याच्या यात्रेचे पुण्य आपल्याकडेही येते असे समजतात. वारीतील अन्नदान पाहिलेल्या माणसास यात काही नवल वाटणार नाही.

नवल वाटावे ते निराळ्या गोष्टीचे. कुमानोच्या वाटेवर टप्प्याटप्प्याला लहान देवळ्या होत्या. 1906 च्या सुमारास जपानच्या सरकारने अशी लहान देवस्थाने मोठ्यांत विलीन करण्याचे धोरण घेतले. देवळी गेली की तिच्याभोवतीचे राखीव रानही तोडण्यास मोकळे होई. मिनाकाता कुमागुसू (1867-1941) या निसर्गशास्त्रज्ञाने त्याविरुद्ध रान उठविले. बुरशीसारख्या अगदी क्षुद्र समजल्या जाणाऱ्या जीवांचा तो अभ्यासक. त्याचे म्हणणे असे की, देवळी, तिचे रान आणि त्या रानातील डोळ्यांस न दिसणारे जीव ही वेगवेगळी मालमत्ता नव्हे. त्यास 1910 मध्ये काही दिवस कोठडीतही काढावे लागले. ते धोरण 1920 मध्ये सोडून देण्यात आले, पण तोवर पुष्कळ देवळ्या गेल्या होत्या. लोणारच्या काठी उभे राहून सूक्ष्मजीव, बाभूळ आणि कमळजा यांचा विचार करणाऱ्याने या जपानी विद्वानाची आठवण अवश्य ठेवावी. बाकी जपानचे सर्वच अनुकरणीय आहे असे नाही. तेथेही बहुतेक यात्रेकरू आता मोटारींनी व बसगाड्यांनीच हिंडतात. पण वाट मोडू नये म्हणून पावसाने वाहून गेलेली माती पुन्हा वाहून आणून टाकण्याची श्रमदानाची रीत त्यांनी पुन्हा सुरू केली आहे, हे घेण्यासारखे आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील चित्र असे : मेहकर व सिंदखेडराजा परिसरातून नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग गेला. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये व संपूर्ण 701 किलोमीटरांचा मार्ग जून 2025 मध्ये वाहतुकीस खुला झाला. पालखी एका महिन्यात चालते त्याच्या जवळपासचे अंतर मोटार आठ तासांत कापते. शेगाव-पंढरपूर या नावाने ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग खामगाव, मेहकर, लोणार, मंठा असा गेला आहे. या रस्त्यांनी शेतमाल लवकर बाजारात जातो, आजारी माणूस वेळेत रुग्णालयात पोहोचतो. त्यांची गरज कोणी नाकारणार नाही. तथापि रुंदीकरणात जुनी कडुलिंबाची, वडाची, बाभळीची सावली गेली. काँक्रीटचा रस्ता दुपारी तापतो आणि अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्यांना फोड येतात. वाहनांचा वेग वाढल्यामुळे रात्रीच्या व पहाटेच्या चालीस धोका निर्माण झाला आहे. मोठ्या पालखीबरोबर पोलीस असतात, रुग्णवाहिका असते. परंतु गुरुवारी किंवा एकादशीस शेगावकडे निघणाऱ्या पंधरा-वीस माणसांच्या दिंडीपुढे काळोखात एक कंदील आणि मागे एक पताका एवढेच संरक्षण असते. खरा धोका या लहान दिंड्यांना आहे.

म्हणून पालखीच्या व पदयात्रेच्या वाटांची स्वतंत्र नोंद होणे अगत्याचे आहे. कोणत्या गावी विसावा, कोणत्या विहिरीचे पाणी, कोणत्या शेतकऱ्याच्या बांधावरून पाऊलवाट, कोणत्या पारावर मुक्काम, ही माहिती आज जुन्या वारकऱ्यांच्या स्मरणात आहे. शाळेतील मुलांनी शिक्षकांच्या मदतीने ती वहीत उतरविली, तर तीच या जिल्ह्याची नवी स्थानपोथी होईल. नोंद झालेल्या वाटेवर रस्त्यालगत मातीची पायवाट मोकळी ठेवणे, तिच्या कडेस सावलीची झाडे लावून ती जगविणे, मुक्कामाच्या गावी स्त्रियांसाठी न्हाणीघरे व शौचालये बांधणे ही कामे फार खर्चाची नाहीत. लावलेले झाड जगविणे मात्र कठीण असते. ज्या गावचा पार, त्या गावाकडे झाड सोपविले तरच ते जगते.

ज्यांना ही वाट स्वतः चालून पाहावयाची आहे, त्यांनी भाद्रपद सरल्यापासून माघापर्यंतचा काळ निवडावा. उन्हाळ्यात घाटाखाली ऊन असह्य असते. मेहकर ते लोणार हे अंतर सुलतानपूरमार्गे सुमारे पंचवीस किलोमीटर आहे. सरावलेला माणूस ते एका दिवसात काटतो, नवख्याने सुलतानपुरास मुक्काम करावा. लोणारास पोहोचल्यावर त्याच दिवशी विवरात उतरू नये. सकाळी लवकर धारेवर पाणी भरून घ्यावे, वन विभागाच्या सूचना पाहाव्यात, खाली साबण नेऊ नये, जे वर नेता येणार नाही ते खाली नेऊ नये. उतरणे सोपे असते. चढताना ऊन कड्यावर येते, आणि मग अर्ध्या वाटेत कुमारेश्वराच्या सावलीत बसलेला एखादा वृद्ध यात्रेकरू न विचारता सरकून जागा करून देतो.